मालकांची खोललेली फटफटी

आमच्या जबलपूरच्या घरमालकांची फटफटी चालू होत नव्हती असं कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. ती चालू व्हायची. चांगली दणदणीत चालू व्हायची. चालू झाली की मालक ती बंद करायचे आणि पुन्हा सगळी खोलायचे. या एका गोष्टीपायी घमापुरातल्या त्या घरात मी जेवढा वैतागलो, तेवढा पुढे नोकरीत, बदल्यांत आणि मुलींच्या लग्नांत मिळूनसुद्धा वैतागलो नाही.

तेव्हा प्रांताचं नाव मध्य प्रांत आणि वऱ्हाड असं होतं, आणि वऱ्हाडातल्या माणसानं पोटासाठी जबलपूरला येऊन पडणं ही रोजचीच गोष्ट होती. मी अमरावतीकडून शाळामास्तर होऊन आलो. बिऱ्हाड मिळालं ते मालकांच्या घराच्या उजव्या अंगाच्या दोन खोल्यांत. पुढची लांब पडवी मालकांची आणि आमची सामाईक, असं ठरलं होतं. ठरलं होतं एवढंच. मी सामान घेऊन आलो तेव्हा त्या पडवीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पाट मांडलेले होते, पाटांवर काळे, तेलकट लोखंडाचे तुकडे होते आणि मधोमध एक गृहस्थ उघड्या अंगानं, जानव्याला किल्ली बांधून, चिंचेनं काहीतरी घासत बसले होते.

"या मास्तर," मान वर न करता ते म्हणाले, "पाटाला पाय नका लावू. पंगत बसली आहे."

ही पंगत म्हणजे ती फटफटी. पहिल्या महायुद्धात गोऱ्या पलटणीनं वापरलेली, मग सदर नावाच्या छावणीभागातल्या कुठल्याशा साहेबानं बाळगलेली, आणि साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या खुर्च्या-टेबलांबरोबर लिलावात निघालेली. मालकांनी ती बैलगाडीत घालून घरी आणली. तिला एका बाजूनं माणूस बसायची पेटी जोडलेली होती. साहेबलोक तिला साइडकार म्हणत. आमच्या घरात तिला पाळणा म्हणत. मालक जंगल खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभ्या जन्मात यंत्राशी संबंध आला तो टाइपरायटरचा, आणि तोही दुसऱ्याला बडवायला लावून. पण एकदा हातात पाना घेतल्यावर त्यांनी तो खाली म्हणून ठेवला नाही.

ही फटफटी घेतली होती ती मात्र स्वतःसाठी नव्हे. ती घेतली होती जिज्जींसाठी.

जिज्जी म्हणजे मालकांची थोरली बहीण. सगळी गल्लीच त्यांना जिज्जी म्हणे. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि आई गेल्यावर धाकट्या भावाला अंगाखांद्यावर वाढवलेल्या. भावाचं लग्न त्यांनीच केलं, भावजय बाळंतपणात गेली तेव्हा त्यांनीच भावाला उठवून बसवलं, आणि त्यानंतर दोघं एकमेकांना धरून त्या घरात राहिली. जिज्जींचा नेम होता दर पौर्णिमेला पायी ग्वारीघाटला जाऊन नर्मदेत बुडी मारायचा. मग गुडघे गेले. आम्ही गेलो तेव्हा त्या घरातल्या घरात भिंत धरून चालत, आणि नर्मदामाईचं दर्शन घडून त्यांना वर्षं लोटली होती. पडवीच्या दारात बाजेवर बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायच्या.

"एकदा माई पाहिली म्हणजे मी सुटली बाप्पा. मग डोळे मिटायला मोकळी. माझा बाबू नेऊन राहिला ना मला फटफटीवर. गाडी जमली की निघालोच."

बाबू म्हणजे मालक. वय साठीच्या घरात, मिशा पांढऱ्या, आणि हा बाबू.

आता ग्वारीघाट काही काशी-रामेश्वर नव्हे. चौकात टांगे उभे असतात, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस घरी येतो. पहिल्याच महिन्यात मी हे मालकांना सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या बहिणीला कचऱ्याच्या गाडीत घालून न्यायला सांगतो आहे.

"टांग्यात हिचे गुडघे खिळखिळे होतील, मास्तर. पाळण्याला स्प्रिंगा आहेत."

स्प्रिंगा होत्या. आमच्या चुलीजवळच्या फडताळात, घासलेटात बुडवून ठेवलेल्या. माझ्या बायकोची परात घासलेटासाठी कायमची गेली होती. तिची जुनी लुगडी मालकांना फार आवडत. नव्या कापडाचे धागे सुटतात आणि छिद्रांत अडकतात म्हणे, बारा वेळा धुतलेलं लुगडंच इंजिनाला चालतं. पितळेचा कार्बुरेटर चिंचेनं घासायचा, मग रांगोळीनं, मग देवाच्या उपकरण्यांसारखा उन्हात ठेवायचा. आमच्या आमटीला चिंच नसे आणि दाराशी रांगोळी नसे. ही पहिल्यांदा चिडली, मग रडली, आणि शेवटी जिज्जींच्या बाजेशी बसून त्यांच्याबरोबर कार्बुरेटर घासायला लागली. मला घरात कोणी उरलं नाही.

मालकांची काम करण्याची रीतच न्यारी होती. खोललेला भाग कुठे ठेवला हे त्यांच्या ध्यानात राहत नसे, म्हणून त्यांनी जेवणाच्या ताटाचा हिशेब बसवला होता. एकेक पाट म्हणजे एकेक ताट. इंजिनाचं एक, गिअरांचं एक, पुढच्या चाकाचं एक. पाटाच्या वरच्या टोकाला मधोमध, जिथं मीठ वाढतात, तिथं अगदी बारीक वायसर. डावीकडे चटणी-लोणच्याच्या जागी यंत्राच्या डाव्या अंगाचे भाग, उजवीकडे भाजी-आमटीच्या जागी उजव्या अंगाचे. मध्ये भाताच्या जागी पिस्टन. जोडताना मीठ-चटणीपासून सुरुवात करायची आणि ताट संपवत यायचं. "ताट वाढता येते त्याला इंजिन जोडता येते," असं ते मला ऐकवत, आणि मला ताट वाढता येत नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

मग एखाद्या सकाळी फटफटी पुरी जमायची. तो एक सोहळाच असे. जिज्जी स्वच्छ आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, नेसून, हातात गाठोडं घेऊन पायरीवर येऊन बसत. गाठोड्यात कोरडं आलवण, नारळ, ओटीचे खण-तांदूळ, माईसाठी दिवा. गल्लीतली पोरं, म्हाताऱ्या, शेजारचे हलवाई सगळे जमत. मालक डोक्याला मफलर बांधून किक मारत. एकदा, दोनदा, आणि मग जो आवाज होई त्यानं कौलांवरची कबुतरं उडत आणि जिज्जी हात जोडत. फटफटी फट्-फट्-फट् करत उभी असे, धूर निघे, आणि मी मनात म्हणे, सुटलो, आज पडवी रिकामी.

तेवढ्यात मालक माझ्या बायकोकडून आमचं लाटणं मागून घेत. त्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानात. डोळे मिटलेले. सगळी गल्ली श्वास रोखून उभी.

"टिक् होऊन राहिली," ते म्हणत.

"मला तर काही ऐकू येत नाही," मी म्हणे.

"तुम्हाला काहून येईल, मास्तर? तुमचा कान पोरांच्या कविता ऐकून ऐकून गेला. खोलावं लागते."

आणि फटफटी बंद. जिज्जी गाठोड्याची गाठ सोडत. मालक पाट मांडायला घेत.

असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं. एकदा मात्र मीच चौकातून टांगा ठरवून दारात आणून उभा केला. टांगेवाला भला माणूस होता. जिज्जींकडे पाहून म्हणाला, "आइए अम्मा, आराम से ले चलूँगा, घोड़ा बिलकुल सीधा है." जिज्जींनी घोड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरले असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "भैया, जाओ. माझ्या भावानं म्हटलं आहे नेतो म्हणून. तो नेईल तवाच जाईन."

त्यानंतर मालक माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. बोलायचं तर जिज्जींना सांगत, "त्या टांगेवाल्या मास्तरांना सांग, पडवीत चप्पल घालून येऊ नका." मी तिथंच उभा असे.

पितृपक्षातली गोष्ट तर मी जन्मात विसरणार नाही. मालकांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. ब्राह्मण बसायचे पडवीत, आणि त्यांना बसायला पाट हवे होते. घरातला एकूण एक पाट फटफटीनं अडवलेला. मालक सोवळ्यात, जानवं उजव्या खांद्यावर, पिंडांसमोर बसलेले. त्यांना तेलकट लोखंडाला शिवायची सोय नाही. शेवटी जिज्जींनी आमच्या हिला सांगितलं की बाई, हे सगळं पत्रावळींवर उचलून मागं ठेव, आणि ब्राह्मण उठले की जसं होतं तसं परत मांड. मालक मंत्रांच्या मधून मधून ओरडत होते. "मधला हलवू नको! ... अस्मत्पितुः ... अवो तो वायसर पडला! ..." गुरुजींनी दोनदा डोळे वटारले. त्यातल्या एका ब्राह्मणाच्या धोतराला पाटावरून इंजिनाच्या तेलाचा जो डाग लागला तो त्यांनी पुढे वर्षभर गावाला दाखवला.

ब्राह्मण उठले. हिनं पाट पुसून सगळं पुन्हा मांडलं. चांगलं नीट, एकही वस्तू न हरवता मांडलं. मालकांनी पाहिलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी जोडायला घेतलं.

ही सकाळपासून पितरांची पानं वाढत होती, आणि पितरांचं पान उलटं वाढतात. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. सकाळभर जो हात उलटा चालला तो संध्याकाळी सुलटा कसा व्हावा? फटफटीचं सगळं ताट तिनं श्राद्धाचं वाढून ठेवलं होतं. मालकांनी ते तसंच्या तसं इंजिनात भरलं. किक मारली. किक उलटी आली, बंदुकीसारखा आवाज झाला, कार्बुरेटरमधून जाळ निघाला, आणि मालक उडाले ते तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. डावी मिशी निम्मी जळाली होती.

ही पदर तोंडाशी धरून उभी. मला वाटलं आता घर सोडा म्हणतात. मी मनातून तयारच होतो, मला तर बरंच वाटलं असतं. मालक उठले, मिशीला हात लावला, आणि चेहरा असा खुलला की जणू मुलगा झाला.

"चलो," म्हणाले, "आता तर मुळापासून खोलावं लागते. दिवाळी पार जाते." आणि हिला म्हणाले, "घाबरू नको बेटा. तुझं काही चुकलं नाही. फार चांगलं केलं."

फार चांगलं केलं! त्या रात्री मी जेवलो नाही. माणसाच्या मूर्खपणाला काही सीमा असते, असं मला तोवर वाटत असे.

त्या थंडीत जिज्जी आजारी पडल्या. छातीत कफ भरला, ताप हटेना. वैद्य येऊन गेले, काढे झाले. त्या बऱ्या झाल्या, पण पार खंगल्या. बाजेवर उठून बसतानासुद्धा हिचा हात लागे. आणि आता त्या पूर्वीसारखं गाणं म्हटल्यासारखं बोलत नसत. हळूच विचारत, "बाबू, जमली का रे?" बस, एवढंच. मालक म्हणत, "जमून राहिली." मला तो प्रश्न ऐकवत नसे. एका म्हातारीची एक इच्छा, तीही सातासमुद्रापलीकडची नाही, आणि हा माणूस पिस्टन चिंचेनं घासतो आहे.

संक्रांतीच्या सुमारास फटफटी पुन्हा जमली. जिज्जी पायरीवर गाठोडं घेऊन बसल्या. या खेपेला ही त्यांना पाठीमागून धरून होती. मालकांनी किक मारली. इंजिन असं चाललं की मला यंत्रातलं काही कळत नसूनही कळलं. त्यांनी लाटणं लावलं, डोळे मिटले, आणि त्यांचं "टिक्" बाहेर पडायच्या आत मी ते लाटणं त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्या कानाला लावलं. आत कुठंही टिक् नव्हती. पाणी वाहावं तसा एकसारखा आवाज होता.

"टिक् आहे," मालक म्हणाले.

"नाही आहे."

"मास्तर, लाटणं द्या."

"देत नाही. तुम्हीसुद्धा ऐकली नाही. खोटं बोलता आहात."

त्यांनी इंजिन बंद केलं. जिज्जींना हिनं आत नेलं, गल्ली पांगली. मी पडवीत उभा राहून मालकांना वाटेल ते बोललो. मास्तरकीत साठलेलं सगळं बाहेर आलं. म्हणालो, "ज्या बाईनं तुम्हाला वाढवलं तिला तुम्हाला एक नदी दाखवता येत नाही? ती उद्या डोळे मिटील. मग काय, हा कार्बुरेटर तिच्या तोंडात घालणार? उद्या मी टांगा आणतो आणि त्यांना उचलून नेतो. तुमचं घर सोडून जायची वेळ आली तरी चालेल."

मालक पाळण्याच्या कडेवर बसले. हात घासलेटानं भरलेले, म्हणून डोळे पुसता येत नव्हते. ते तसेच वाहू दिले.

"मास्तर," ते म्हणाले, "ती काय म्हणते ऐकलं ना तुम्ही? माई पाहिली की सुटली म्हणते. तुम्हाला वाटते, म्हाताऱ्या बाया बोलतच राहतात. ही तशी नाही ना जी. लहानपणापासून पाहून राहिलो. मी मॅट्रिक होईपर्यंत गोड खाणार नाही असं तिनं म्हटलं, तर मी तीनदा नापास झालो, तिनं गोडाला हात लावला नाही. मला विषमज्वर झाला होता, वैद्यानं हात टेकले. ही म्हणाली, हा आठव्या दिवशी उठून भात मागील. मी आठव्या दिवशी उठून भात मागितला. ही बोलते तसं होते. तिनं म्हटलं माई पाहिली की जाईन, तर ती घाटावरून परत यायची नाही. म्हणून खोलून ठेवतो. खुल्या गाडीत कोण कुठं जाईल?"

मला त्यांची दया आली, आणि दया आल्याबद्दल स्वतःचा राग आला. इतक्या वर्षांचं घासलेट, चिंच, लुगडी, आमची पडवी, सगळं या एका खुळापायी. आणि ते खूळ म्हणावं तर माझ्याच्यानं म्हणवेना. मी घरात गेलो आणि हिला सांगितलं. हिनं ते तडक जाऊन जिज्जींना सांगितलं. आमच्या घरात गुप्त गोष्ट चुलीपाशी पोचली की संपली.

जिज्जी ओल्या हरभऱ्याचे दाणे काढत होत्या म्हणे. ऐकून फक्त "अच्छा" म्हणाल्या आणि उरलेले दाणे सोलून संपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पडवीत आले तेव्हा जिज्जी पाळण्यात बसलेल्या होत्या. मांडीवर गाठोडं, हातात माळ. भिंत धरून धरून त्या तिथवर कशा आल्या आणि आत कशा चढल्या, हे कोणी पाहिलं नाही. फटफटीचं इंजिन मात्र पाटांवर होतं. माझ्या भांडणानंतर मालकांनी रागानं ते रातोरात खोलून टाकलं होतं.

"जिज्जी, उतर. गाडी खुली आहे."

"मग जोड."

"टिक् येऊन राहिली तिच्यात."

"येऊ दे. माझ्या गुडघ्यांतूनही येते."

"थंडी बाधेल तुला."

"शाल दे."

मालकांनी शाल दिली. मग जेवणाची वेळ झाली, तर जिज्जींनी ताट पाळण्यातच मागवलं. देशभर तेव्हा सत्याग्रहाचे दिवस होते, पण असा सत्याग्रह आमच्या गल्लीनं पाहिला नव्हता. लोक येऊन पाहून जात. हलवायानं विचारलं, "जिज्जी, मामला क्या है?" जिज्जी म्हणाल्या, "कुछ नहीं भैया, गाड़ी का इंतज़ार है."

दुपार कलली तेव्हा मालक पाळण्याजवळ उकिडवे बसले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू काय बोलून बसली आहेस, ध्यानात आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग काय? बोलली मी माईजवळ. फिरवायचं तर माईजवळच फिरवीन. इथं बाजेवर बसून फिरत नाही ते. तू जोड आधी."

मालक उठले, हात धुतले, आणि इंजिनाचा पाट पुढे ओढला.

त्या दिवशी मी त्यांना जोडताना पाहिलं आणि माझा पुन्हा संताप झाला. कारण त्यांचे हात कुठंही अडत नव्हते. एरवी महिना महिना लागणारं काम ते पोळ्या लाटाव्या तसे सपासप करत होते. वायसर, नट, पिस्टन, झडपा, एकामागून एक. पाटाकडे बघतसुद्धा नव्हते. हे सगळं त्यांना केव्हाच पाठ झालं होतं. मला माझ्या बायकोची परात आठवली आणि मी दाराआड जाऊन उभा राहिलो. दिवे लागायच्या आत फटफटी जमली. त्यांनी किक मारली, ती चालू झाली, आणि आमचं लाटणं कोणी मागितलं नाही.

सकाळी आम्ही निघालो. पुढे फटफटी, मागून टांग्यात मी आणि ही. मालक ती इतकी हळू चालवत होते की टांगेवाल्याला सारखा लगाम ओढावा लागत होता. सदरच्या रस्त्यावर सायकलवाले आमच्या पुढे जात होते. मध्येच एकदा मालकांनी गाडी थांबवली. मी म्हटलं झालं, आता इथंच रस्त्यात पाट मांडतात. पण त्यांनी फक्त जिज्जींची शाल नीट केली आणि पुन्हा निघाले.

घाटावर पायऱ्या उतरायला मालकांनी आणि मी जिज्जींना हातांवर घेतलं. पाणी दिसताच त्यांनी आम्हाला थांबवलं. नुसत्या पाहत राहिल्या. मालक नदीकडे बघतच नव्हते, ते जिज्जींच्या तोंडाकडे बघत होते. पाण्यात उतरताना त्यांनी कोटसुद्धा काढला नाही. एका हातानं जिज्जींचं मनगट घट्ट धरलेलं.

"अरे, सोड ना. बुडी मारू दे."

"नाही सोडत. अशीच मार."

जिज्जींनी तशीच बुडी मारली, त्यांच्याबरोबर मालकही मफलरसकट भिजले. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जिज्जींनी ओंजळ भरली आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "माई, मी म्हटलं होतं तुला पाहिलं की सुटीन. ते तेवढं माघारी घे. आधी ह्याला ने. माझ्यामागं ह्याचं कोण करील? ह्याला आधी ने, मग मी येते." आणि ओंजळ सोडली.

सख्ख्या भावासाठी असं मागणं कोणी मागतं? ही माझा हात धरून "अगं बाई, अगं बाई" करत होती. मी रागानं मालकांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी या माणसाला आपल्या बहिणीचं डोकं फिरलं आहे हे कळेल.

मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ओल्या मिशीतून हसत त्यांनी मला हाक मारली, "ऐकलं ना मास्तर? आता ही कुठं जात नाही!" आणि त्यांनी जिज्जींचं मनगट सोडलं. परत येताना फटफटी अशी उधळली की आमचा टांगा ग्वारीघाटच्या पहिल्या वळणावरच मागं पडला, आणि जिज्जी पाळण्यात दोन्ही कडा धरून हसताना लांबून दिसत होत्या.

त्यानंतर मालकांनी फटफटी कधी खोलली नाही. दर पौर्णिमेला बहीण-भाऊ घाटावर जात. आम्हाला पडवी मिळाली, आणि पुढच्या वर्षी त्या पडवीत आमच्या थोरल्या मुलीचा पाळणा आला, खराखुरा.

मालक गेले ते कोणाला कल्पना नसताना. सकाळी चहा पिऊन फटफटीचे पाने पुसत बसले होते, तसेच कलंडले. मी जिज्जींना सांगायला गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. तेराव्याला ही त्यांच्या बाजेशी बसून हुंदके देत होती. मालक गेल्यापासून जिज्जींच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नव्हतं. त्यांनी हिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काहून रडून राहिली पोरी?" त्या म्हणाल्या. "मीच मागितलं होतं ना."

आणि मग त्या अशा रडायला लागल्या की आम्हाला त्यांना आवरता आवरेना.